उजव्या खांबाची गाठ

पालघर
९ जानेवारी १९८५

ती. ताईस,
पुंडलिकचा सा. न. वि. वि.

नलूमावशीच्या हाती पाठवलेले सुके बोंबील पोचले. घरमालकिणीने आधी नाक मुरडलं आणि मग कालवणापुरते स्वतःच मागून नेले. चाळिशी जवळ आली तरी माझ्या खोलीत दुसरं माणूस कधी येणार, असं तू पुन्हा एकदा विचारलं आहेस. सध्या एक स्टोव्ह आहे, तोही माझं ऐकत नाही. त्यावरून काय ते समज.

रविवारी आमच्या कॉलेजने सेमीफायनल जिंकली. तुझ्या प्रतापने शेवटच्या पाच मिनिटांत दोन गोल अडवले. अकरा वर्षं पोरांना फुटबॉल शिकवतोय, पण असा गोलकीपर माझ्या हाती आला नव्हता. भाचा आहे म्हणून म्हणत नाही. वीस तारखेला बोईसरला फायनल आहे आणि तिथल्या एका कंपनीचे क्रीडा अधिकारी खास त्याला बघायला येणार आहेत. त्यांच्या संघाला गोलकीपर हवा आहे. पसंत पडला तर नोकरी नक्की.

एवढं लिहून मी दोनदा उठलो, माठातलं पाणी प्यालो, परत बसलो. खरं सांगायचं ते अजून लिहिलंच नाही.

मैदान बघणारा जिवल्या तुला आठवत असेल. दोन वर्षांपूर्वी तू होडीवरचं जुनं जाळं आणि दोर गोलसाठी पाठवलास, तेव्हा ते खांबांवर त्यानेच चढवलं. साठीच्या घरातला माणूस. फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारतो त्या सुतळी न लावता सरळ येतात. तुझ्या जाळ्याला हात लावून त्याने विचारलं होतं की येवडी बारीक वीण कोणाच्या हातची हाय.

रविवारी मॅच संपल्यावर मी पाहुण्या संघाला सोडायला स्टेशनवर गेलो. मागे पोरांनी मोटारसायकल मैदानात घातली. रेषा पुसू नका म्हणून जिवल्या आडवा झाला. तेव्हा कुणीतरी म्हणालं की हाच आपला नवा गोलकीपर. त्याला गोलमध्ये उभं केलं, उजव्या खांबाला दोन्ही हात मागे बांधले, अंगावर बॉल मारले, हसले आणि जेवायला निघून गेले. ताई, ते त्याला सोडायचं विसरले. मला सगळ्यात जास्त हेच सलतं. अकरा वाजल्यापासून दीड वाजेपर्यंत तो उन्हात तसाच होता. मी पोचलो तेव्हा त्याची मान कलली होती आणि आमच्या संघातला सुका, जव्हारकडच्या पाड्यावरचा मुलगा, स्वतःचा सदरा त्याच्या डोक्यावर धरून उभा होता. सुकाची नखं तुटून रक्त आलं होतं, पण गाठ त्याला सुटली नव्हती.

मला सुटली. मागून अंगठा लावला आणि सुटली.

बाबांची उजव्या हाताची दोन बोटं दोरात गेली, त्यानंतर ते डाव्या हाताने होडी बांधायचे, आठवतं? टोक खालून घ्यायचं आणि दोन वेढे उलटे. ओढावी तितकी आवळते, आणि पलीकडून अंगठ्याने ढकलली की सुटते. ती गाठ बाबांनी आपल्या दोघांशिवाय आणखी कुणाला शिकवली होती का? नीट आठवून कळव.

जिवल्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना अजून काही कळत नाही. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल.

भाऊजींना नमस्कार. तुझा लोभ न मागता मिळत आला आहे, म्हणून तो मागत नाही. उत्तर मात्र मागतो.

तुझा,
पुंडलिक

----

दातिवरे
११ जानेवारी १९८५

चि. पुंडलिक यास,
हंसाताईचे अ. आ.

पत्र मिळालं. इकडे भांगाचे दिवस आहेत, पाण्याला ओढ नाही, म्हणून होड्या किनाऱ्याला आणि माणसं घरात. गावातली प्रत्येक बाई नवऱ्यावर खेकसते आहे. आमचे हे दिवसातून तीनदा विचारतात की कंपनीत कपडे कंपनी देते की आपण शिवायचे. समोरच्या जानूतांडेलला सांगूनही आले की आमचा प्रताप आता किनाऱ्यावर फक्त मासळी खायला येईल.

यांना हसू नकोस. गेल्या वर्षी इंजिन बंद पडून हे दोन दिवस घरी आले नाहीत, तेव्हा मी वाळूत बसून देवाकडे यांना मागितलंच, पण प्रतापने कधी होडीत पाय ठेवू नये हेही मागितलं. मला दुसरं काही नको आहे.

बाबांच्या गाठीचं मला काही आठवत नाही. बाबांकडे सगळा किनारा येऊन बसायचा, ते कुणालाही शिकवायचे. अर्ध्या दातिवऱ्याला येत असेल. तुझ्या कॉलेजात किनाऱ्यावरची पोरं काय थोडी आहेत? आणि मॅच तोंडावर असताना तुला असलं उकरून काढायला बरं सुचतं! पोरं ती पोरं, जिंकल्यावर डोकं ठिकाणावर राहत नाही. चुकलीच असतील, तर वीस तारखेनंतर काय ती चौकशी कर. नऊ दिवसांनी कुणाचं काय बिघडणार आहे?

पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडलं. त्या जिवल्याच्या बोटांना कोमट खोबरेल लाव म्हणावं, दिवसातून दोनदा. त्याच्या घरी करणारं कोण आहे? बायको आहे का?

तुझ्यावरची माया आहे तिथेच आहे, पण या पत्राला लगेच उत्तर लिहू नकोस.

तुझी,
ताई

----

पालघर, होस्टेल
१२ जानेवारी १९८५

ती. आईस,
प्रतापचा शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. प्रॅक्टिस जोरात चालू आहे. बुटाचा तळ निघाला होता तो चांभाराकडून शिवून घेतला. बाबांना सांग की क्रीडा अधिकाऱ्यांनी निरोप पाठवून माझी उंची विचारली.

इकडे थोडी गडबड आहे. रविवारी पोरांनी मस्करी केली होती, त्यात मैदानावरच्या जिवल्याला लागलं. आता चौकशी समिती नेमली आहे. सुका तिथे सापडला म्हणून त्यानेच केलं असं ठरत आलं आहे. जिवल्याने समितीला सांगितलं की हा पोरगा नवता, ह्यानंच मला सावली केली. पण समिती म्हणते, दोघं एकाच जमातीचे, तो त्याला वाचवणारच. सुकाला प्रॅक्टिसला येऊ देत नाहीत. तो बांधावर बसून बघतो. काल जेवताना माझ्या समोरच्या पानावर बसला आणि मीठ मागितलं. मी दिलं.

मला जेवण जात नाही. दोनदा बॉल हातातून सुटला. मामा ओरडले नाहीत. ते माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, हातांकडे बघतात.

मामांनी तुला काही लिहिलं आहे का? लिहिलं असलं तर मला कळवू नकोस. नाही, कळव.

बाकी सगळं ठीक आहे. लोभ असू दे. या वेळी सवयीने लिहीत नाही.

तुझा,
प्रताप

----

पालघर
१४ जानेवारी १९८५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज संक्रांत. सोबत तीळगूळ पाठवतो, पण गोड बोलायचं मला आज जमणार नाही.

तू मला आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिलंस. अर्ध्या दातिवऱ्याला ती गाठ येते? भाऊजी तीस वर्षं होडी बांधतायत, त्यांनाही येत नाही. ते त्यांच्या घरची, सरळ वेढ्याची मारतात. बाबा गेले तेव्हा प्रताप नऊ वर्षांचा होता, आणि त्या पावसाळ्यात तो ओटीवर बसून खुर्चीच्या पायाला दिवसभर आजोबांची गाठ मारत होता. हे मला तूच कळवलं होतंस. ते पत्र माझ्या पेटीत आहे. ती गाठ फक्त तीन माणसांना येते, ताई. त्यातली तू दातिवऱ्याला होतीस आणि मी स्टेशनवर होतो.

वीस तारखेपर्यंत कुणाचं काय बिघडतं म्हणतेस, तर ऐक. शनिवारी समिती सुकाचं नाव कॉलेजातून काढणार आहे. त्याच्या पाड्यातून अकरावीच्या पुढे शिकणारा तो पहिला. मॅचनंतर तो विहिरीवर आंघोळीला गेला होता. नंतर जेवायला बसल्यावर पोरं खिदळत होती, त्यावरून त्याला कळलं. त्याने विचारलं की म्हाताऱ्याला सोडलं कोणी. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. हा भरलं ताट टाकून पळत मैदानावर गेला. जिवल्याला भोवळ येत होती, म्हणून त्याला सोडून कोयता आणायलाही जाईना. हे सगळं मला मेसमध्ये वाढणाऱ्या काशीबाईने सांगितलं. समितीला ते ऐकायचं नाही. बाकीच्या पोरांचे बाप, काका समितीच्या ओळखीचे आहेत. सुकाचं कोण आहे?

आणि मी तरी कोण मोठा लागून गेलो? नोव्हेंबरात याच पोरांनी काशीबाईचं पीठ तिच्याच अंगावर उधळलं, मी हसण्यावारी नेलं. डिसेंबरात एसटीच्या कंडक्टरची टोपी खाडीत फेकली. मी जाऊन हात जोडले आणि पोरांना चकार शब्द बोललो नाही, कारण दुसऱ्या दिवशी मॅच होती. दर वेळी दुसऱ्या दिवशी मॅच असते. ज्या पोरांनी जिवल्याला बांधलं, त्यांना ते धैर्य माझ्याकडून आलं आहे, असं मला वाटतं आणि बसवत नाही.

होस्टेलच्या जिन्यावरून मी दोनदा परत फिरलो. प्रतापला विचारलं तर तो कबूल होईल, पण ते माझ्या धाकाने होईल. म्हणून असं ठरवलं आहे. शुक्रवारी सकाळी सगळ्या संघाला, सुकालाही, गोलपाशी उभं करणार. एकेकाच्या हातात दोर देऊन सांगणार की खांबाला बांध. कशासाठी ते सांगणार नाही. प्रतापने बाबांची गाठ मारली तर पुढचं तोच बोलेल. दुसरी मारली तर मी काय करीन ते मला आज माहीत नाही. मी समितीपुढे उभा राहून भाच्याचं नाव घेईन असं वाटतं, आणि मग तुझा चेहरा समोर येतो. मासळीची टोपली डोक्यावर घेऊन सफाळ्यापर्यंत चालत जाऊन तू मला शिकवलंस.

हे तुला कळवायला नको होतं. पण तुला अंधारात ठेवून तुझ्या मुलाची परीक्षा घ्यायला मन घेईना. त्याला मात्र कळवू नकोस.

लोभ राहील की नाही, ते तुझ्यावर सोडतो.

पुंडलिक

----

दातिवरे
१६ जानेवारी १९८५

चि. प्रताप यास,
आईचे अ. आ.

नलूमावशी उद्या पहिल्या एसटीने मासळी घेऊन येते आहे, तिच्या हाती हे पत्र देते. वाचून फाडून टाक.

शुक्रवारी सकाळी मामा तुम्हा सगळ्यांना दोर देणार आहे आणि खांबाला बांधायला सांगणार आहे. तू तुझ्या बाबांची गाठ मार. सरळ वेढ्याची. तीही तुझ्या घरचीच आहे, त्यात खोटं काही नाही.

तू काय केलंस ते मी विचारत नाही. विचारलं तर तू सांगशील, आणि मग मला हे पत्र पाठवता येणार नाही.

त्या सुकाचं मी मामाशी बोलेन. मामा हुशार आहे, काहीतरी वाट काढेल. तू फक्त रविवारपर्यंत नीट राहा. बाबांनी तुझ्यासाठी तांबड्या काठाचा टॉवेल आणून ठेवला आहे, कंपनीत न्यायला. अजून घडी मोडू देत नाहीत.

जेवत जा. रिकाम्या पोटी उडी मारता येत नाही.

आईचा लोभ बरावाईट बघत नाही, त्याला मी काय करू?

तुझी,
आई

----

पालघर
२१ जानेवारी १९८५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काय झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच लिहितो.

शुक्रवारी सकाळी सोळा पोरं गोलपाशी उभी केली. जिवल्या लांब बांधावर बसला होता, हात बायकोने बांधलेल्या फडक्यात. मी दोर देत गेलो. बहुतेकांनी बुटाच्या नाडीची गाठ मारली. मोटारसायकलवाल्याला तर तीही नीट आली नाही. सुकाने लाकडाची मोळी बांधतात तशी आवळली. प्रताप शेवटी आला. त्याने दोर हातात घेतला आणि चटकन भाऊजींची गाठ मारली.

ताई, मला त्या क्षणी सगळं कळलं. एरवी त्याने कधी ती मारलेली मी बघितली नाही. पत्र कुणी पाठवलं, कुणाच्या हाती पाठवलं, तेही कळलं. मी वळलो, दुसरा दोर गुंडाळायला लागलो.

तर मागून सर म्हणून हाक आली. बघतो तो त्याने गाठ सोडली होती. दोर डाव्या हातात घेतला, टोक खालून घेतलं, दोन वेढे उलटे, आणि ओढली. मग सगळ्यांदेखत म्हणाला की सर, ही व्हती. मी बांधलं. सुका तिथं नवता. घरची बोली आली तोंडात, कॉलेजची विसरला. पाठोपाठ आणखी दोघं पुढे आले. त्यातला मोटारसायकलवाला सगळ्यात शेवटी आला, तोही बाकीचे बघतायत म्हणून.

शनिवारी समितीपुढे तिघांनी लिहून दिलं. वर्षभर खेळायचं नाही, होस्टेल सोडायचं. सुकाचं नाव राहिलं. त्याची माफी मात्र समितीतल्या कुणी मागितली नाही. ती मी मागितली. मग मीही एक कागद दिला. काशीबाईचं पीठ, कंडक्टरची टोपी, मी गिळलेलं सगळं तारखेनिशी. प्राचार्य म्हणाले, याची गरज नव्हती. मी म्हटलं, पोरांना लिहायला लावलं, मग मला का नको? या वर्षी संघ माझ्याकडे नाही.

काल फायनल तीन शून्याने हरलो. मी प्रेक्षकांत बसलो होतो, बाजूला प्रताप. क्रीडा अधिकाऱ्यांनी येऊन त्याचं नाव घेऊन विचारलं. का खेळत नाही ते त्याने स्वतःच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वही मिटली आणि समोरच्या संघाच्या गोलकीपरचं नाव विचारायला गेले. सुकाला खेळायला बोलावलं होतं. तो म्हणाला, एवढ्यात त्यांच्याबरोबर उभं राहवणार नाय. तो दोरीच्या पलीकडून बघत होता.

मी समितीला सुचवलं होतं की या तिघांनी रोज सकाळी जिवल्याच्या हाताखाली काम करावं, पण त्याची तयारी असेल तर. त्याने एक दिवस विचार केला. मग कळवलं की बाकी दोगं नको, त्यांना बघून माजा हात दुखतो. गाठवाल्याला पाठवा.

प्रताप माझ्या खोलीवर आला आहे. स्टोव्ह त्याचं ऐकतो.

तुझ्यावर रागावलो नाही असं लिहिलं तर तेही खोटं होईल. रागावलो आहे. पण त्या आधीच्या गाठीबद्दल, जी त्याने सोडली, मी कुणापाशी काही बोललेलो नाही.

तुझा,
पुंडलिक

----

दातिवरे
२५ जानेवारी १९८५

चि. पुंडलिक यास,
अ. आ.

हो, मीच लिहिलं. एसटी सुटेपर्यंत थांब्यावर उभी होते. नलूला हाक मारावी आणि पत्र परत घ्यावं असं चार वेळा वाटलं. मारली नाही. एसटी गेल्यावर मला बरं वाटलं, हेही तुला सांगते.

मला मुलगा वाचवायचा होता. त्यासाठी दुसऱ्या बाईचा मुलगा गेला तरी चालणार होतं, असं आता स्वतःला सांगावं लागतं. मी सुकाच्या आईला कधी बघितलं नाही, पण आता डोळ्यांसमोरून जात नाही.

यांना मी सगळं सांगितलं. हे जाऊन होडीत बसले. होडी वाळूवर होती. संध्याकाळी आले आणि एवढंच विचारलं की त्या माणसाची बोटं हलतात का. टॉवेल त्यांनी पेटीत टाकला.

पुढच्या भांगाला मी पालघरला येते. जिवल्याच्या बायकोकडे जायचं आहे. तिचं नाव तरी कळव. जाऊन काय बोलायचं ते मला सुचत नाही, म्हणून कधीपासून घरात नुसती इकडून तिकडे फिरते आहे.

तू मैदानाबाहेर बसलास हे वाचून मला तुझा राग आला आणि अभिमान वाटला. दोन्ही घेऊन येते.

तुझी,
ताई

----

पालघर
१८ फेब्रुवारी १९८५

ती. आईस,
प्रतापचा शि. सा. न. वि. वि.

तू येऊन गेलीस त्याला आठ दिवस झाले. जिवल्याकाकांच्या बुधीकाकीने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं की तुजी आय आली, चुलीपाशी बसली न रडत ऱ्हायली, मंग मी तिला चाय दिला, अजून काय करू. तू आणलेला बोंबील तिने शेजारी वाटला.

तू जाताना विचारलंस की मी तुझ्यावर रागावलो आहे का. तेव्हा एसटी आली आणि सांगायचं राहिलं. नाही. तू लिहिलंस तसं मी आधी बाबांची गाठ मारली होती. पटकन जमली, आणि वाटलं, झालं, सुटलो. मग बांधावर जिवल्याकाका दिसले. ते माझ्याकडे बघत नव्हते. सुका काय करतो ते बघत होते, त्याचं काय होणार म्हणून. मला ते बघवलं नाही. यापेक्षा मोठं काही माझ्या मनात आलं नव्हतं.

रोज सहाला मैदानावर जातो. झाडायचं, खडे वेचायचे, फक्की चाळायची. पहिले तीन आठवडे काका माझ्याशी कामापुरतंही बोलत नव्हते, बोटाने दाखवायचे. मी दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा त्यांनी ऐकलं आणि झाडू हातात दिला.

आज सकाळी मात्र त्यांनी झोपडीतून दोर आणला. तोच दोर. माझ्या हातात दिला आणि म्हणाले, माफी ऱ्हाऊ दे, आदी सांग ही सुटते कशी. उन्हात उभा व्हतो तवा मी येवडाच विचार करत व्हतो.

मी खांबाला बांधून दाखवली, सोडून दाखवली. ते करायला लागले, पण उजव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत, दोर निसटायचा. मी म्हटलं, काका, डाव्या हाताने करा, ती तशीच करायची असते. ज्यांनी काढली त्यांनाही ती बोटं नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताने केली. दुसऱ्या खेपेला आली. आई, मला शिकायला एक पावसाळा लागला होता.

मग ते म्हणाले, नीट आली का बगू. मी खांबाला पाठ लावून हात मागे दिले. त्यांनी बांधली. बांधून झाल्यावर गोलपुढची रेषा अर्धी राहिली आहे असं त्यांच्या ध्यानात आलं असावं. फक्कीची पाटी उचलून ते गेले. मी सोडवून बघितलं. अंगठा पोचतच नाही. आजोबांची गाठ बांधलेल्या माणसाला सुटत नाही, दुसऱ्याने येऊन सोडावी लागते. ती मला नऊ वर्षांचा असल्यापासून येते आणि हे मला माहीत नव्हतं.

काकांनी रेषा पुरी केली. कोपऱ्यापर्यंत गेले, परत फिरले, वाकून बघितलं. ऊन वर आलं. कॉलेजची पोरं सायकलवरून जायला लागली, काही थांबून बघायला लागली. मी हाक मारली नाही. ते विसरले असतील का, हाच विचार मनात होता.

ते विसरले नव्हते. पाटी खाली ठेवली, हात धोतराला पुसला, मागे आले आणि डाव्या अंगठ्याने सोडली. म्हणाले की उद्या अर्धा तास लवकर ये, फक्की ओली झालीय, उन्हाला पसरायची हाय.

मी उद्या लवकर जाणार आहे. बाबांना सांग, ती गाठ आता चौघांना येते.

तुझा,
प्रताप